कोड लिहून झाल्यावर

प्रोग्रॅम लिहिणं हे एक काम, आणि तोच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये, लिहिणारा जवळ नसताना रात्री-अपरात्री बिनचूक चालणं हे दुसरं. पहिल्या कामावर पुस्तकं ढिगाने आहेत. दुसरं काम आपल्याकडे नोकरीला लागल्यावरच शिकलं जातं, तेही रिलीजच्या रात्री, शेजारी बसलेला सीनियर काय टाइप करतोय ते बघत बघत. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत बसून देशातल्या आणि परदेशातल्या बँकांच्या, विमा कंपन्यांच्या प्रणाली सांभाळणारी मराठी मुलं-मुली आज मोठ्या संख्येने आहेत. बिल्ड काढा, यूएटीवर टाका, तिथे चाललेलं प्रॉडवर का चालत नाही ते शोधा, नाही सापडलं तर रोलबॅक करा, यात त्यांच्या दिवसाचा केवढा तरी भाग जातो. आणि तरीही ‘कोडिंग झालंय, आता फक्त डिप्लॉय करायचंय’ हेच वाक्य जिकडेतिकडे ऐकू येतं.

या पुस्तकाचा विषय आहे मोठ्या संस्थांच्या वेब ॲप्लिकेशनमधले सुटे घटक बांधणं आणि जागेवर बसवणं. उदाहरणं जावाच्या जगातली आहेत. याचं कारण सरळ आहे: या प्रश्नाचा इतका तपशीलवार, लेखी स्वरूपात विचार जावावाल्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी केला, आणि त्यात काय जमलं, काय फसलं हे आता स्वच्छ दिसतं. त्या अनुभवातून मला कळलेली गोष्ट या प्रस्तावनेत मांडतो. काही गोष्टी कोड लिहितानाच माहीत असतात, काही तो बसवतानाच कळतात. या दोहोंमधली रेघ कुठे मारायची, हा पॅकेजिंगमधला खरा निर्णय. ती रेघ चुकली की पुढे कितीही चांगली साधनं आणली तरी त्रास संपत नाही.

पंप बनवणाऱ्या कारखान्याला तो कोणत्या विहिरीवर जाणार, पाणी किती खोल आहे, वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, हे ठाऊक नसतं. ते बसवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून पंपावर माहितीची पाटी असते, जोडणीच्या जागा ठरलेल्या असतात, आणि बसवणाऱ्याला पंप उघडून आतलं वायंडिंग बदलावं लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र वर्षानुवर्षं पंप उघडूनच बसवला जात होता.

१९९०च्या दशकातली परिस्थिती आठवून पाहा. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात टाकायचे, तर दोन्ही नोंदी व्हायला हव्यात किंवा एकही होता कामा नये. ते करण्याचा अधिकार कोणाला हे तपासायला हवं. हजार ग्राहक एकदम आले तर डेटाबेसची मोजकी कनेक्शन त्यांच्यात वाटून द्यायला हवीत. व्यवहाराचा खरा नियम चार ओळींचा आणि भोवतीची ही व्यवस्था चारशे ओळींची. प्रत्येक कंपनी ती नव्याने लिहीत असे. मार्च १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एंटरप्राइज जावाबीन्सचं पहिलं विनिर्देशन काढलं, आणि डिसेंबर १९९९ मध्ये सर्व्हलेट, जेएसपी, बीन्स अशी सगळी मंडळी जे-टू-ईई १.२ या एका छत्राखाली आणली. त्यामागची कल्पना अशी होती, की व्यवहाराचा नियम तुम्ही लिहा. ट्रान्झॅक्शन, सुरक्षा, कनेक्शन पूल हे सगळं कंटेनर सांभाळेल. (डॉकरचा कंटेनर पुष्कळ नंतर आला, त्याची इथे सरमिसळ करू नये.)

बीन्सच्या विनिर्देशनात एक प्रकरण भूमिकांबद्दल आहे. बीन लिहिणारा वेगळा, अनेकांचे घटक जोडून ॲप्लिकेशन उभं करणारा वेगळा, ते प्रत्यक्ष जागेवर बसवणारा म्हणजे डिप्लॉयर वेगळा, आणि रोजची देखभाल करणारा ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा. शिवाय सर्व्हर आणि कंटेनर पुरवणारे. पुष्कळांनी हे प्रकरण कागदी ठरवलं, कारण प्रत्यक्षात एकच माणूस सकाळी लिहीत होता, दुपारी जोडत होता आणि रात्री बसवत होता. मला विचाराल तर साऱ्या विनिर्देशनातली सर्वांत टिकाऊ कल्पना हीच. कोण माणूस काम करतो हा त्या विभागणीचा मुद्दाच नव्हता. कोणत्या वेळी कोणती माहिती हातात असते, हा होता. एकच माणूस तिन्ही कामं करत असला तरी सकाळी त्याला प्रॉडक्शनच्या डेटाबेसचा पासवर्ड माहीत असण्याचं कारण नाही.

हे जवळून पाहू. समजा कर्जमंजुरीचं ॲप्लिकेशन आहे आणि त्याची इअर फाइल आपल्या हातात आली. इअर, वॉर, जार ही सगळी मुळात झिप फाइलच. कोणत्याही साध्या साधनाने उघडते. इअरच्या आत ‘मेटा-इन्फ’ फोल्डरमध्ये ‘ॲप्लिकेशन.एक्सएमएल’ सापडेल. हे अनुक्रमणिकेचं पान: यात कोणकोणते भाग आहेत आणि वेब भाग कोणत्या पत्त्याखाली उघडायचा, ते त्यात असतं. शेजारी एक वॉर, त्यात पडद्यावर दिसणारा भाग. वॉरच्या आत ‘वेब-इन्फ’ फोल्डर. ब्राउझरला त्यातलं काहीही थेट मागता येत नाही, म्हणून क्लास, लायब्ररी आणि ‘वेब.एक्सएमएल’ तिथे सुरक्षित. इअरमध्येच आणखी एक जार, त्यात बीन्स आणि त्यांचं वर्णनपत्र.

आता त्या वर्णनपत्रातल्या एका नोंदीवर थांबा. कोडमध्ये कुठेही डेटाबेसचा पत्ता नाही. कोड एवढंच म्हणतो, की माझ्या परिसरात ‘जेडीबीसी/खातेडीबी’ नावाचं जे काही असेल ते मला द्या. वर्णनपत्रातली नोंद सांगते, की या घटकाला या नावाचा एक डेटासोर्स लागतो. खरा डेटाबेस कोणता, कोणत्या यंत्रावरचा, किती कनेक्शनचा, हे डिप्लॉयर आपल्या सर्व्हरवर ठरवतो आणि त्या नावाशी जोडून देतो. चाचणीच्या सर्व्हरवर तेच नाव चाचणीच्या डेटाबेसकडे जातं, प्रॉडक्शनवर खऱ्या. फाइल तीच. एक बाइटही बदललेला नाही.

या शेवटच्या गोष्टीचं मोल किती, हे ती नसताना कळतं. पासवर्ड किंवा सर्व्हरचा पत्ता वॉरच्या आत भरून ठेवला, की यूएटीसाठी एक बिल्ड आणि प्रॉडसाठी दुसरा काढावा लागतो. मग टेस्टर मंडळींनी आठवडाभर तपासली ती फाइल एक आणि ग्राहकांसमोर गेली ती भलतीच. मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलली असेल, कोणाचा तरी अर्धवट कोड आत आला असेल, सांगणार कोण? बिल्ड एकदाच काढायचा आणि तोच सगळीकडे न्यायचा, हा नियम या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल आणि त्याला एकही अपवाद मी दिलेला नाही.

वर्णनपत्राचा प्रवासही बोलका आहे. बीन्सच्या पहिल्या आवृत्तीत ते जावाचं सीरियलाइज केलेलं ऑब्जेक्ट होतं. माणसाने उघडून वाचण्याची सोय नाही. १.१ आवृत्तीत ते एक्सएमएलमध्ये आलं. मग एक्सएमएल इतकं वाढलं, की एका लहान बीनसाठी पानभर मजकूर लिहावा लागे. त्यातही प्रत्येक सर्व्हरची पुरवणी वेगळी: वेबलॉजिकची वेगळी, वेबस्फिअरची वेगळी, जेबॉसची वेगळी. डिप्लॉयमेंटची पद्धतच सगळ्यांसाठी एक करावी म्हणून २००३च्या जे-टू-ईई १.४ मध्ये प्रयत्न झाला. तो फारसा रुजला नाही आणि पुढे ऐच्छिक करून टाकला. मे २००६ मध्ये पुढची आवृत्ती जावा ईई ५ या नव्या नावाने आली आणि बहुतेक मजकूर कोडमधल्या ॲनोटेशनमध्ये गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो योग्यच होता. पण माझ्या मते त्या आनंदात रेघ थोडी पुसली गेली. ही मेथड ट्रान्झॅक्शनमध्येच चालली पाहिजे, हे लिहिणाऱ्याचं ज्ञान. ते ॲनोटेशनमध्ये शोभतं. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड हे बसवणाऱ्याचं ज्ञान. तरीही जावा ईई ६ मध्ये डेटासोर्सची व्याख्या, पासवर्डसकट, ॲनोटेशनमध्ये लिहायची सोय झाली. सोय आहे म्हणून ती वापरू नये, एवढं इथेच सांगून ठेवतो.

रेघ उलट्या बाजूलाही चुकते, आणि या विषयातली सर्वांत महागडी चूक तीच होती. सुरुवातीच्या बीन्सचं एक आकर्षण असं, की घटक याच यंत्रावर आहे की दूरच्या, याची लिहिणाऱ्याला फिकीर नको; हाक मारायची रीत एकच, जागा डिप्लॉयर ठरवेल. ऐकायला हे छान वाटतं. पण सनच्याच प्रयोगशाळेतल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक टिपण लिहून ठेवलं होतं, की जवळचं आणि दूरचं ऑब्जेक्ट एकसारखं मानता येत नाही. लागणारा वेळ, मेमरी, एकाच वेळी चालणारी कामं आणि अर्धवट बिघाड, या चार बाबतींत ती मुळातच वेगळी असतात. हिशेब करून पाहा. कर्जाच्या अर्जात २५ रकाने आहेत आणि प्रत्येक रकाना विचारायला नेटवर्कवरून एक फेरी, २ मिलिसेकंदांची. एका अर्जाला ५० मिलिसेकंद. पडद्यावर ४० अर्जांची यादी दाखवायची तर २ सेकंद निव्वळ ये-जा करण्यात गेले. हेच काम एकाच प्रोसेसमध्ये असतं तर त्याचा वेळ मोजावासुद्धा लागला नसता. आणि वेळेपेक्षा वाईट म्हणजे अर्धवट बिघाड. उत्तर आलं नाही. पण काम झालं की नाही झालं? दूरची हाक मारणाऱ्याला हा प्रश्न कायमचा चिकटलेला असतो.

म्हणजे अंतर हे बसवणाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतंच. लिहिणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं होतं. २००१ मध्ये बीन्सच्या २.० आवृत्तीने स्थानिक इंटरफेस वेगळा केला आणि ही गोष्ट मान्य झाली. पुढच्याच वर्षी मार्टिन फाउलरने आपल्या पुस्तकात वितरित ऑब्जेक्टच्या रचनेचा पहिला नियम सांगितला, तो असा की ऑब्जेक्ट वितरित करू नका. मी तो शब्दशः पाळा असं म्हणणार नाही. वेगळ्या वेगाने वाढणारे, वेगळ्या टीमने सांभाळायचे भाग वेगळे ठेवावे लागतातच. पण प्रत्येक फोड मोजूनमापून, कारण लिहून ठेवून करावी.

घटक दोन ठिकाणी गेले, की पॅकेजिंगचा आणखी एक पेच सुरू होतो, कारण दोघांमध्ये ज्या वस्तूंची देवाणघेवाण होते त्यांचे क्लास दोन्हीकडे लागतात. सर्व्हरवर ‘कर्जअर्ज’ क्लासमध्ये एक रकाना वाढवला आणि हाक मारणारी बाजू जुनीच राहिली. क्लासवर आवृत्तीचा क्रमांक स्वतः लिहिलेला नसेल तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते. रचना बदलली की क्रमांक बदलतो आणि आलेली वस्तू उघडायलाच नकार मिळतो. दोष कोडमध्ये नसतो. दोन्हीकडे काय आणि कधी पोचलं, त्यात असतो.

याच घरातला दुसरा प्रकार क्लासलोडरचा. लॉगमध्ये अशी तक्रार दिसते, की ‘कर्जअर्ज’ या वस्तूला ‘कर्जअर्ज’ मानता येत नाही. पहिल्यांदा वाचणारा बुचकळ्यात पडतो. नाव तर अक्षरशः तेच! पण जावाच्या लेखी क्लासची ओळख नावाने पुरी होत नाही. तो कोणत्या लोडरने आणला तेही त्या ओळखीत येतं. तीच जार इअरच्या सामायिक फोल्डरमध्येही आहे आणि वॉरच्या ‘वेब-इन्फ/लिब’मध्येही, म्हणून एकाच नावाचे दोन क्लास मेमरीत उभे राहिले. त्यात भर म्हणून, जावात सर्वसाधारणपणे लोडर आधी आपल्या पालकाकडे विचारणा करतो, पण वेब ॲप्लिकेशनच्या लोडरने आधी स्वतःच्या पोटात पाहावं अशी सर्व्हलेट विनिर्देशनाची शिफारस आहे. उपाय छोटा आहे: सामायिक जार एकाच जागी ठेवा. मात्र तो सुचायला कोणती फाइल कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. तिसरं प्रकरण पूर्णपणे यावर आहे आणि ते घाईने वाचू नये.

बसवण्यातली चूक किती महाग पडू शकते, याचं सार्वजनिक नोंदीतलं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलचं. ते जावा बीन्सचं नाही, पण या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते अभ्यासावं. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरसाठी नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी नाइटने ऑर्डर पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचं ठरवलं. तो टाकताना एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासावं अशी पद्धत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला, पण कधीच काढून न टाकलेला ‘पॉवर पेग’ नावाचा कोड होता, आणि नव्या कोडने चालू-बंदसाठी नेमका त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. सात सर्व्हरवर फ्लॅगने नवं काम सुरू केलं, आठव्यावर जुनं भूत जागं झालं. बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत, २१२ ऑर्डरपोटी ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. बाजार उघडण्याआधी प्रणालीने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते; त्यांवर कोणी हालचाल केली नाही. गोंधळात नवा कोड त्या सात सर्व्हरवरूनही काढला गेला, त्यामुळे आता आठही सर्व्हर जुना कोड चालवू लागले.

या घटनेत कोड लिहिणाऱ्याकडे बोट दाखवून भागत नाही. न वापरलेला कोड पॅकेजमध्ये राहू देणं, जुन्या नावाला नवा अर्थ देणं, आठही ठिकाणी तेच आहे का हे यंत्राकडून तपासून न घेणं, मागे फिरायची वाट आधी चालून न पाहणं, या चारही गोष्टी या पुस्तकाच्या कक्षेतल्या आहेत.

वाचक विचारेल, की आता इअर कोण वापरतं? खरं आहे. २००९च्या जावा ईई ६ पासून बीन्स थेट वॉरमध्ये ठेवता येऊ लागल्या. २०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये स्प्रिंग बूटची १.० आवृत्ती आणि कुबरनेटीसची घोषणा. पूर्वी ॲप्लिकेशन सर्व्हरच्या पोटात जायचं. आता सर्व्हरच ॲप्लिकेशनच्या जारमध्ये जातो आणि ती जार ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलींसकट एका इमेजमध्ये. पण कुबरनेटीसची इमेज, कॉन्फिगमॅप आणि सीक्रेट ही तीन नावं शेजारी ठेवून पाहा. इमेज सगळीकडे तीच, आणि जागेनुसार बदलणारं सगळं बाहेरून दिलेलं. डिप्लॉयरची जोडणी तीच आहे, साधनं नवी.

एक गोष्ट मात्र आज अधिक कठीण झाली आहे. कुबरनेटीस नवी आवृत्ती एकेक करून आणतं, म्हणजे काही मिनिटं जुनी आणि नवी शेजारी शेजारी, त्याच डेटाबेसवर चालत असतात. नाइटमध्ये जी अवस्था अपघाताने आली ती आता प्रत्येक रिलीजची नेहमीची अवस्था आहे. म्हणून डेटाबेसमधला रकाना एका झटक्यात काढून चालत नाही: आधी नवा वाढवा, दोन्ही आवृत्त्यांना चालेल असा कोड टाका, जुनी आवृत्ती पूर्ण गेल्याची खात्री करा, मगच जुना रकाना काढा. सातवं प्रकरण या क्रमाला दिलं आहे.

पॅकेजच्या आत काय आहे हे माहीत असणंही तितकंच गरजेचं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला दोष जगजाहीर झाला. डिप्लॉयरने नावं जोडावीत म्हणून असलेली जेएनडीआयची सोय, लॉगमध्ये पडणाऱ्या परक्या मजकुरातूनही चालू करता येत होती. आणि बाहेरचा माणूस त्या वाटेने सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. सुधारित आवृत्त्या लवकर आल्या. अडलं ते एका साध्या प्रश्नावर: आपल्याकडे ही लायब्ररी आहे कुठे कुठे? ती जारमध्ये होती, ती जार वॉरमध्ये, ती वॉर इअरमध्ये. कुठे कुठे तर ती इतर क्लासांत मिसळून, नाव बदलून बसलेली. ज्यांच्याकडे प्रत्येक पॅकेजच्या आतल्या घटकांची यादी तयार होती त्यांचं काम लवकर आटोपलं. बाकीच्यांनी आख्खा डिसेंबर फाइली उचकण्यात घालवला.

पुस्तकातली उदाहरणं जकार्ता ईईच्या नव्या नावांनी दिली आहेत. सनची जागा घेतलेल्या ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईईचा हा सगळा पसारा एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचं ठरवलं, आणि २०२०च्या अखेरीस आलेल्या आवृत्ती ९ पासून पॅकेजांच्या नावातलं ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आलं. त्यामुळे जुनी वॉर टॉमकॅट १० या सर्व्हरवर जशीच्या तशी चालत नाही; ती रूपांतरित करण्याची रीत परिशिष्टात आहे. क्लाउड कंपन्यांच्या खास सेवांना मी हात लावलेला नाही, त्या फार लवकर बदलतात.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या प्रोजेक्टची प्रॉडक्शनवर गेलेली जार, वॉर किंवा इमेज मिळवा, बिल्ड सर्व्हरवरची नव्हे, प्रत्यक्ष तिथे बसलेली. इमेज असेल तर तिच्यातली जार आधी बाहेर काढा. मग ‘जार टीएफ’ ही आज्ञा देऊन आतल्या फाइलींची यादी काढा. आत आणखी जार असतील तर त्यांचीही. दोनदा आलेली लायब्ररी, कोणी आणली हे सांगता येत नाही अशी लायब्ररी, आणि एखाद्या विशिष्ट सर्व्हरचा पत्ता किंवा पासवर्ड असलेली फाइल, या तिन्हींवर खूण करा. पुढच्या प्रकरणांतली प्रत्येक चर्चा याच यादीवर ताडून पाहायची आहे.